गावचा मृदंगी : एका बिनबिदागीच्या सेवेचा इतिहास

मंदिराचा इतिहास सांगू लागले म्हणजे गाभारा कोणी बांधला, दीपमाळ कोणाच्या नवसाची, कळस कोणत्या साली चढला, याच गोष्टी प्रथम पुढे येतात. त्या शिळेवर कोरलेल्या असतात किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात. परंतु ज्या सभामंडपात पिढ्यान् पिढ्या एकादशीचे भजन झाले, काकडा झाला, सप्ताह झाले, त्या मंडपात लय ज्याने सांभाळली त्या मृदंग्याचे नाव कोठेही कोरलेले आढळत नाही. दिवसभर औत हाकून, संध्याकाळी हातपाय धुऊन, खुंटीवरचा मृदंग मांडीवर घेणारा हा गृहस्थ. त्याने देवळाला रोख देणगी क्वचितच दिली असेल. त्याची वर्गणी तळहातांनी भरलेली आहे. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्या सेवेचा हिशेब मांडणे उचित ठरेल.

वाद्याची परंपरा

मृदंग हे नावच सांगते की या वाद्याचे अंग मूळचे मातीचे असावे. पुढे ते लाकडाचे झाले. पखवाज हा शब्द ‘पक्षवाद्य’ यावरून आला असे अभ्यासक मानतात. वारकरी मात्र त्याला प्रेमाने मृदंगच म्हणतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या सात अध्यायांपैकी सहावा अध्याय वाद्यांना वाहिलेला आहे. त्याच शतकाच्या अखेरीस, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एकीकडे दरबारातील पंडित तालाचे शास्त्र संस्कृतात बांधीत होते, तर दुसरीकडे नामदेवादी संतांच्या मेळ्यात तोच ताल सामान्य माणसाच्या हाती येत होता. गावचा मृदंगी हा या दुसऱ्या वाटेचा वारसदार होय.

सातारा जिल्ह्याचे देणे

या बाबतीत सातारा जिल्ह्याचे भाग्य थोर आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला दिंड्यांची शिस्त आणि भजनाचा क्रम लावून देणारे हैबतबाबा हे याच जिल्ह्यातील आरफळचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी घालून दिलेली रीत आजही पाळली जाते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये गळ्यात मृदंग अडकवलेला वादक आणि मागे वीणेकरी, अशी दिंडी चालते. नीरा ओलांडून पालखी जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. तरडगावाजवळ चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. ऊन असो वा पाऊस, मृदंग्याला वाद्य खाली ठेवण्याची सवड नसते.

दुसरे नाव नाना पानसे यांचे. एकोणिसाव्या शतकातील हे श्रेष्ठ पखवाजवादक मूळचे वाईजवळच्या बावधनचे. काशीस जोधसिंग यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली आणि इंदूरच्या होळकर दरबारात कीर्ती मिळविली. त्यांची परंपरा सखारामपंत आगळे आणि त्यांचे शिष्य गोविंदराव बुऱ्हाणपूरकर यांनी पुढे नेली. गोविंदरावांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. वारकरी पंथात कीर्तन-भजनाचे पद्धतशीर शिक्षण देणारी वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस स्थापन केली. दरबारी घराणे आणि आळंदीची विद्या यांचे पाझर खेड्यापर्यंत पोहोचले खरे. तरी गावच्या मृदंग्याचा पहिला गुरू बहुधा गावातलाच आधीचा मृदंगी असे.

शिक्षण आणि साधना

हे शिक्षण वहीत उतरलेले नसे. पोराने आधी टाळ धरायचा. टाळात लय पक्की झाली की मांडीवर हात मारून बोल म्हणायचे. ता, दिं, थुं, ना हे बोल तोंडात बसल्यावाचून मृदंगाला हात लावू देत नसत. मग आठ मात्रांचा भजनी ठेका, त्याच्या दुगणी, गौळणीला लागणारा सहा मात्रांचा दादरा. आणि जिद्द असेल तर बारा मात्रांचा चौताल. शेतीच्या कामाने घट्टे पडलेल्या बोटांतून ‘धुमकिट’ सुटा निघेपर्यंत दोन-तीन पावसाळे सहज उलटत.

वाद्याची निगा ही दुसरी साधना. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, भजनापूर्वी भिजवलेली कणीक थापायची आणि भजन संपताच खरवडून काढायची. उजव्या तोंडाला लोहकिसाची शाई असते. पेटीवाल्याने काळी एक की पांढरी चार हे सांगितले, की गजऱ्यावर आणि वाद्यांखालच्या गठ्ठ्यांवर हातोडीचे टोले देऊन पुडी त्या स्वराला आणायची. मृग लागला की कातडे दमट होऊन आवाज बसतो, तेव्हा शेकोटीची ऊब द्यावी लागते. चैत्र-वैशाखात तेच कातडे ताणून फाटण्याची धास्ती. ही सर्व दगदग भजनाला बसलेल्यांच्या ध्यानीही येत नाही.

चांगल्या मृदंग्याची परीक्षा हाताच्या वेगावर होत नसे. वीस-पंचवीस टाळांचा समुदाय रंगात आला की लय आपोआप पळू लागते. तिला धरून ठेवणे, अभंगाचा शब्द ऐकू यावा म्हणून हात आवरणे, आणि गजराच्या वेळी मात्र मंडप दणाणून सोडणे, हे त्याचे खरे काम.

आता वर्षाचा हिशेब पाहा. चोवीस एकादशा, कार्तिकातील महिनाभराचा पहाटेचा काकडा, सात दिवसांचा अखंड हरिनाम सप्ताह आणि वारीस गेल्यास वाटेचे सतरा-अठरा दिवस. काही दिवस एकमेकांत मिसळतात ते वजा केले, तरी वर्षाचे पाऊणशे दिवस होतात. गोकुळाष्टमी, रामनवमी, कोणाच्या घरचे तेरावे, ही वेगळीच. याचा मोबदला काय? सप्ताहाच्या काल्यानंतर नारळ आणि टोपी. काकड्याच्या दिवसांत हाच माणूस पहाटे देवळात आणि सूर्योदयाला शेतात असे. त्याच्या वाटची धार काढणारी, वैरणपाणी पाहणारी घरची माउली हीसुद्धा या सेवेची भागीदारीणच मानली पाहिजे.

कातडे आणि उंबरठा

या इतिहासातील एक गोष्ट सांगावयास जड जाते, परंतु ती वगळल्यास हिशेब खोटा होईल. मृदंगाचे खोड सुताराचे, पण त्याचा आवाज कातड्याचा. जनावराचे कातडे सोडवणे, कमावणे, त्याच्या वाद्या कापणे हे काम ज्या समाजांनी पिढ्यान् पिढ्या केले, त्यांनाच देवळाच्या उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागत असे. त्यांच्या हाताखालून गेलेले कातडे मंडपात देवापुढे वाजे. ते हात मात्र मंडपात येऊ शकत नसत. पंढरपुरास महाद्वारी चोखोबांची समाधी आहे. या अंतराची ती साक्ष होय. साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास दहा दिवस उपोषण केले आणि ते द्वार उघडले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. परंतु कायदा झाला तरी अनेक गावांतील मने उघडण्यास त्याहून पुष्कळ वर्षे लागली. मृदंगाला पाय लागला तर आपण चटकन नमस्कार करतो. तो नमस्कार त्या कारागिरांपर्यंत पोहोचला तरच पुरा झाला असे म्हणता येईल.

मुंबईकरांची भजने

वाई, जावळी, पाटण भागातील तरुण पोटासाठी मुंबईस गेले, गिरण्यांत आणि गोदीबाजारात राबले. त्यांनी गावचे भजनही बरोबर नेले. लालबाग-परळच्या चाळींतील गावकऱ्यांच्या खोल्यांत भजनी मंडळे उभी राहिली. पाळी संपवून आलेला कामगार रात्री मृदंगावर बसे. देवळांच्या कित्येक जीर्णोद्धारांस याच मंडळांच्या वर्गण्यांनी हातभार लावला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो संसार उघड्यावर पडले. अनेक कामगार गावी परतले. हाताचे काम गेले, तरी देवळातील मृदंगाने त्यांना चारचौघांत मानाची जागा दिली. माणसाला उपयोगी असल्याची जाणीव देणे, हेही मंदिराचे एक कार्यच आहे.

उद्याचा मृदंग

आज सप्ताहात बाहेरगावचे बिदागी घेणारे मृदंगाचार्य येतात. त्यांची विद्या मोठी आहे आणि त्यांचे पोट त्यावर आहे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सप्ताहाचे सात दिवस ते सांभाळतील, उरलेल्या एकादशा कोणी सांभाळावयाच्या? ध्वनिमुद्रित भजन कर्ण्यावर लावले म्हणजे आवाज होतो, भजन होत नाही. भजनाला गावची माणसे लागतात. शिवाय जुन्या लाकडी मंडपातील नाद गोड मुरत असे; सिमेंटचा स्लॅब आणि गुळगुळीत फरशी यांमुळे तो घुमतो आणि बोल एकमेकांत मिसळतात. खाली जाजम अंथरावे, कर्ण्याचा आवाज बेताचा ठेवावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

जीर्ण झालेले केवळ दगड-लाकूड नसते. जी विद्या एका पिढीच्या हातातून दुसरीच्या हातात गेली नाही, तीही जीर्णच समजावी. तिच्या उद्धाराला फार खर्च नाही. मंडपात मृदंगासाठी कोरडी, उंच खुंटी असावी. पुडी मढवण्यासाठी दरसाल थोडी रक्कम बाजूला काढावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी गावातील मुलांना आणि मुलींनाही, कोणत्याही आळीचा भेद न करता, शिकण्यासाठी बसवावे. आणि देणगीदारांच्या यादीशेजारी, आठवतील तितक्या मृदंग्यांची, टाळकऱ्यांची आणि वाद्य मढवणाऱ्या कारागिरांची नावे वृद्धांना विचारून लिहून ठेवावीत. ती सांगणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

नव्या मंडपात पहिल्या एकादशीला जो ठेका पडेल तो गावच्याच हाताचा असावा, आणि तो हात पुढेही कधी थांबू नये, हीच श्रीचरणी प्रार्थना.