कोडे, कूट आणि कूपन

नाताळ आणि शब्दकोडे यांचे नाते जन्माचे आहे, असे सांगितले तर वाचकहो, आपल्याला ती अतिशयोक्ती वाटेल. पण गोष्ट खरी आहे. २१ डिसेंबर १९१३ या दिवशी, रविवारी, न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या दैनिकाच्या 'फन' नावाच्या पुरवणीचा नाताळचा अंक निघाला. मूळचा लिव्हरपूलचा असलेला आर्थर विन हा गृहस्थ त्या पुरवणीचे काम पाहत असे. सणाच्या अंकासाठी काही नवा खेळ हवा, म्हणून त्याने घरांची एक जाळी आखली. तिचा आकार होता आपल्या शंकरपाळ्यासारखा! खाली सूचना, वर मोकळी घरे. नाव दिले 'वर्ड-क्रॉस'. थोड्याच दिवसांत त्या नावातले दोन शब्द उलटसुलट झाले आणि जगाला 'क्रॉसवर्ड' मिळाले.

अमेरिकेत १९२४ साली कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले. तिथून हे वेड इंग्लंडात गेले आणि तिथे त्याने वेगळेच वळण घेतले. नुसता प्रतिशब्द विचारण्यात इंग्रज कोडेकारांचे मन रमेना. सूचना वाचावी, तिचा सरळ अर्थ करावा आणि खुशाल फसावे, अशी युक्ती त्यांनी काढली. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' पत्रात एडवर्ड पॉविस मॅथर्स हे 'टॉर्केमाडा' या नावाने अशी गूढ कोडी देऊ लागले. हे नाव स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचे. म्हणजे सोडवणाऱ्याचा छळ होणार, हे नावातच सांगून टाकले होते. १ फेब्रुवारी १९३० रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये शब्दकोडे सुरू झाले. पुढे डी. एस. मॅकनट यांनी 'झिमेनीझ' या नावाने कोडी रचली आणि १९६६ साली पुस्तक लिहून त्या रचनेचे नियम घालून दिले. त्यांचा सारांश असा: सूचनेत दोनच गोष्टी असाव्यात. एक, उत्तराची व्याख्या. दुसरी, त्याच उत्तराकडे नेणारा शब्दांचा खेळ. तिसरे काही नको. कोडेकाराने फसवावे, पण खोटे बोलू नये. नाताळच्या दिवसांत तिकडची वृत्तपत्रे नेहमीपेक्षा मोठे कोडे छापतात आणि सुट्टीत घरातली मंडळी ते मिळून सोडवीत बसतात.

हे सारे साहेबाकडून आले, असे मात्र कोणी समजू नये. जाळी साहेबाची, गूढ बोलण्याची कला आपल्या घरचीच. महाभारताच्या आरंभी सांगितली जाणारी कथा आपण ऐकलीच असेल. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहायचे. गणपतीची अट, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट, की अर्थ समजल्यावाचून लिहायचे नाही. मग व्यासांनी मधूनमधून कूटश्लोक घातले. त्यांची संख्या ८,८०० सांगतात. गणपती क्षणभर विचारात पडे, तेवढ्यात व्यास पुढची रचना करून घेत. म्हणजे बघा, आपल्याकडे गूढ कोडी सोडवणारा पहिला गडी खुद्द गणपती! आणि त्या गणपतीचे थोर भक्त मोरया गोसावी यांची समाधी आहे पवनेच्या काठी, चिंचवडला. तिथून चाकणकडे निघालो तर वाटेवर आळंदी लागते. तिथल्या ज्ञानदेवांच्या नावावर कूट अभंगांची परंपरा आहे. काट्याच्या टोकावर गावे वसवणारा अभंग ऐकून लहान मूल हसते आणि जाणता माणूस गप्प होतो. घरोघरच्या आजीबाईंची हुमाणे आणि कोडी ही याच झाडाची पाने.

आता हे गूढ बोलणे आजच्या जाळीत बसवायचे, तर मराठीत ते कसे जमते? इंग्रजीत एका घरात एक अक्षर. त्यामुळे अक्षरे उलटीपालटी करून नवा शब्द करणे त्यांना सोपे. आपल्याकडे घरात अख्खे अक्षर बसते, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळ्यांसकट. आडव्या शब्दातला 'चा' उभ्या शब्दातही 'चा'च हवा, 'च' चालत नाही. म्हणून आपल्याला उलटापालट अवघड, पण जोड आणि फोड मोठी सोयीची. आपल्याच परिसरातली गावे घेऊ. 'पिंपावर सप्तकातला दुसरा सूर ठेवला, की पेनिसिलीनचे गाव', अक्षरे तीन. पिंप आणि री, झाले पिंपरी! १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने हे गाव पेनिसिलीनसाठी देशभर प्रसिद्ध केले, म्हणून व्याख्या बरोबर. 'षष्ठीच्या प्रत्ययाला धुळीचा अंश चिकटला, की किल्ल्याचे गाव', पुन्हा तीन. चा आणि कण, चाकण. तिथला संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाविरुद्ध लढवला, हे आपण जाणताच. 'नकारापुढे ताळ आला, की डिसेंबरातला सण', तर ना आणि ताळ, नाताळ. उलटापालटही अगदीच अशक्य नाही. 'लेखणी मोडली तर चिखलातले फूल', म्हणजे कलमचे कमल. आणि एक दोनच अक्षरांचे: 'सरकार मागते तो हात'. उत्तर कर.

या पाचही कोड्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती लक्षात घ्या. उत्तर सापडेपर्यंत वाट अंधारी असते. पण सापडल्यावर शंका उरत नाही. 'पिंपरी'च्या जागी 'भोसरी' का नको, असा वाद कोणी घालू शकत नाही, कारण पिंप तिथे उभे आहे. सोडवून झाल्यावर सूचनेचे परीक्षण करावे, शब्द न् शब्द तपासावा, आणि प्रत्येकाचा हिशेब लागावा. कोड्याची खरी कसोटी उत्तर कळण्यापूर्वी नव्हे, उत्तर कळल्यानंतर लागते.

ही कसोटी केवळ करमणुकीची असती, तर एवढे सांगण्याचे कारण नव्हते. पण आपल्या राज्यात एकदा तिच्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडा गेला. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा सुकाळ झाला होता. कूपन भरायचे, फी पाठवायची आणि हजारो रुपयांच्या बक्षिसाची वाट पाहायची. मुंबई सरकारने १९४८ साली सोडती आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. पण राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांना तो लागू पडत नव्हता. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी बंगलोरहून 'स्पोर्टिंग स्टार' हे साप्ताहिक काढी आणि त्यातून 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड' चालवी. पत्र बंगलोरचे, पण मुंबई राज्यात त्याचा खप मोठा, आणि कूपने व पैसे गोळा करणारी केंद्रेही इथेच. १९५२ साली सरकारने कायदा दुरुस्त करून बाहेरची पत्रेही त्याच्या कक्षेत आणली. कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिथे तिचा पक्ष टिकला. सरकार वर गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला, तो सरकारच्या बाजूने. ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची आहे, आणि जुगार हा व्यापार नव्हे. सबब व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळणार नाही. निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा, द्यूताने दैन्य आलेल्या पांडवांचा आणि मनु-याज्ञवल्क्यांचाही विचार आला आहे.

शब्दकोडे जुगार कसे काय होते, असे आपण विचाराल. एक काल्पनिक सूचना घेऊन पाहू. 'चांगला दुकानदार यात खोट ठेवत नाही', अक्षरे दोन, पहिले 'मा'. उत्तर माल? की माप? दोन्ही बरोबर. मग खरे कोणते? संयोजकाने आधीच बंद पाकिटात लिहून ठेवले असेल ते! आता अशा बारा सूचना एका कूपनात आहेत असे धरा. दोन गुणिले दोन असे बारा वेळा केले, की ४,०९६ वेगवेगळी उत्तरे होतात, आणि प्रत्येक तितकेच शहाणपणाचे. एका उत्तराला चार आणे फी धरली तर सगळी पाठवायला १,०२४ रुपये लागतील. चार कूपने पाठवणाऱ्या माणसाला हजारात एकच आशा. इथे शब्दकोश काय करणार आणि व्याकरण काय करणार? इंग्लंडातही १९३६ साली ओढॅम्स प्रेसच्या शब्दकोड्यावरील खटल्यात लॉर्ड हेवर्ट यांनी अशाच स्पर्धेबद्दल म्हटले होते, की हे तर पैसे भरून लपवलेल्या निशाणावर आंधळेपणाने नेम धरणे झाले.

आणि नेम धरणारा कोण? ज्याच्या हाती महिन्याला ठरलेलीच रक्कम पडते आणि जिला पाय फुटायला वेळ लागत नाही, तो. पिंपरी, चिंचवड, चाकण ही गावे त्या वेळी मुंबई राज्यातच होती. पिंपरीत कारखान्याचा भोंगा नुकता वाजू लागला होता. शेतावरच्या माणसाच्या हाती रोख पगार येण्याचे ते पहिले दिवस. फसलो असे त्याला वाटतही नसे. आपली बुद्धी तोकडी पडली, असेच वाटे. उघड्या जुगारात हरणारा निदान नशिबाला बोल लावतो. इथे तो स्वतःला लावतो आणि पुढच्या आठवड्याला अधिक 'अभ्यास' करून पुन्हा चार आणे पाठवतो.

संसदेनेही १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षीस नाही, एका स्पर्धेत २,००० हून अधिक प्रवेश नाहीत, आणि त्याहून लहान स्पर्धेलाही परवाना हवा. १ एप्रिल १९५६ पासून तो अमलात आला. त्याविरुद्धही चमारबागवाला यांनी दाद मागितली आणि त्याचाही निकाल त्याच ९ एप्रिलला लागला. कायदा टिकला. पण न्यायमूर्ती व्यंकटराम अय्यर यांनी एक मोलाची रेघ ओढून दिली: ज्या स्पर्धेतले यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगार नव्हे आणि हा कायदा तिच्यासाठी नाही. म्हणजे खऱ्या कोड्याला अभय मिळाले.

ती रेघ पुढे फार कामी आली. पत्त्यांच्या रमीपासून मोबाईलवरच्या खेळांपर्यंत कित्येक खटल्यांत कौशल्य की नशीब, हाच प्रश्न उभा राहिला आणि या निकालांचा आधार घेतला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यात कौशल्य व नशीब हा भेदच ठेवला नाही. कायद्याची रेघ अशी काळाप्रमाणे सरकते. ती कुठे असावी, हे न्यायाधीश आणि लोकप्रतिनिधी ठरवतील. आपल्यापुरती कसोटी मात्र आपल्या हाती आहे, आणि तिला वकील लागत नाही. उत्तर कळल्यावर 'अरे, हे दुसरे काही असूच शकत नव्हते!' असे वाटले, तर आपण कोडे सोडवले. 'मग माझे काय वाईट होते?' असे वाटले, तर आपण पैज हरलो.

तेव्हा यंदा नाताळच्या सुट्टीत कागदावर पाच-दहा घरे आखा. आपल्या गावाचे, गल्लीचे, घरातल्या माणसांचे नाव फोडा, जोडा, एखादी फसवी सूचना रचा आणि मुलांपुढे ठेवा. ती अडली तर खुशाल अडू द्या. मात्र उत्तर सांगताना सूचनेतला शब्द न् शब्द त्यांना समजावून द्या. आणि 'आमचेही उत्तर बसते की!' असे एखाद्या मुलाने म्हटले आणि ते खरोखरच बसत असेल, तर सूचना बदला.