कुदळ, काच आणि चाळणी

टेडिंग्टन हे थेम्स नदीकाठचे गाव. तिथले पाद्री स्टीफन हेल्स यांना झाडे किती पाणी पितात हे मोजायचा नाद होता. १७२४ च्या जुलैत त्यांनी साडेतीन फूट उंच सूर्यफुलाची कुंडी तराजूत घालून तो हिशेब मांडला. मग पाणी ओढणाऱ्या मुळांचाही हिशेब हवा असे त्यांना वाटले. जवळपास तेवढेच दुसरे सूर्यफूल त्यांनी जपून खणून काढले. पंधरा इंच खोल गेलेली आठ मुख्य मुळे निघाली आणि त्यांना फुटलेल्या उपमुळांचा दाट गुंता. एकेक धागा मोजत बसण्याऐवजी हेल्सनी शहाणपणा केला. एक मुख्य मूळ त्याच्या उपमुळांसकट मोजले आणि तोलले, उरलेली सात नुसती तोलली आणि त्रैराशिक मांडले. उत्तर आले १४४८ फूट. १७२७ साली छापलेल्या ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या त्यांच्या पुस्तकात हा आकडा आहे.

मुळे पाहण्याच्या विद्येची कुळकथा इथून सुरू करायला हरकत नाही, कारण तिची अडचणही इथेच उघडी पडते. खणले की झाड गेले. ज्यांच्यावर सगळा कारभार चालतो ती केसाएवढी बारीक मुळे मातीबरोबर तुटून जातात. हाती येते ते एका दिवसाचे चित्र. काल हे मूळ कुठवर पोचले होते, पाऊस लांबला असता तर त्याने काय केले असते, याचा पत्ता लागत नाही. पुढची तीनशे वर्षे अभ्यासक या अडचणीला मुख्यतः तीन साधनांनी भिडत राहिले आणि प्रत्येक वेळी जुनाच वाद नव्याने उकरला गेला: मुळाची ठेवण बियाणे ठरवते की जमीन?

काच आणि चाळणी ही दोन साधने एकाच माणसाकडे येऊन पोचतात. युलिउस झाक्स हे जर्मनीत वुर्झबर्गला वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी पुढची बाजू काचेची असलेली पेटी मातीने भरली आणि थोडी कलती ठेवली. मुळे सरळ खाली जाऊ पाहतात, वाटेत तिरकी काच येते आणि ती काचेला चिकटून वाढतात. झाड न उपटता मूळ रोज पाहता येऊ लागले. त्यांचा चाळणीचा प्रयोग १८७२ चा. जाळीत ओला लाकडी भुसा भरून बिया पेरल्या आणि चाळणी तिरकी टांगली. मुळे जाळीतून बाहेर आली, गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने खाली निघाली. पण बाहेरची हवा कोरडी असेल तर थोड्याच अंतरावर वळून पुन्हा ओल्या चाळणीला जाऊन बिलगली. हवा दमट ठेवली की तीच मुळे निमूटपणे खाली जात. एका साध्या जाळीने ओलीची ओढ आणि खालची ओढ वेगळी काढून दाखवली. वनस्पतिशास्त्रात इतके स्वस्त आणि इतके नेमके प्रयोग फारसे नाहीत.

काच आणि चाळणी प्रयोगशाळेत रमल्या. शेतात मात्र कुदळीला पर्याय नव्हता, आणि तिचा खरा उस्ताद निघाला अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात. जॉन वीव्हर हे तिथले प्राध्यापक. त्यांची पद्धत ऐकायला सोपी: झाडाच्या शेजारी माणूस उभा राहून काम करू शकेल एवढा लांब-रुंद चर खणायचा, त्यात उतरायचे आणि चराच्या भिंतीतली माती टोच्याने कणाकणाने खरवडत मूळ मोकळे करायचे. मोकळे झालेले मूळ तिथल्या तिथे प्रमाणात कागदावर उतरवायचे. एकेका झाडाला दिवसच्या दिवस जात. १९१९ साली त्यांचा पहिला मोठा ग्रंथ आला, १९२६ साली शेतपिकांच्या मुळांवरचा आणि त्याच्या पुढच्याच वर्षी भाजीपाल्याच्या मुळांवरचा. त्यांतली चित्रे पाहिली की कळते, वर गुडघाभर दिसणारे माळरानाचे गवत खाली पुरुषभर उंचीपेक्षा खोल जाते.

वीव्हर यांनी एक हुशारी केली. एकच पीक त्यांनी तीन ठिकाणी पेरले: बऱ्यापैकी पावसाच्या लिंकनला, मध्यम पावसाच्या फिलिप्सबर्गला आणि कोलोरॅडोतल्या कोरड्या बर्लिंग्टनला. पाणी कमी तेवढे मूळ खोल, असा सर्वसाधारण समज असतो. चरात उलटे दिसले. लिंकनचा गहू खोल गेला होता, बर्लिंग्टनचा उथळ राहिला होता. कारण सरळ आहे. कोरड्या माळावर पाऊस जेमतेम वरचा थर भिजवतो. त्याखाली वर्षानुवर्षे कोरडी ठणठणीत माती असते आणि कोरड्या मातीत मूळ शिरत नाही. तिथला गहू ओल होती तेवढ्या थरात दाट फाटे फोडून बसला. ताण पडला की मुळे पाण्याच्या शोधात खाली जातात हे वाक्य तेव्हाच खरे, जेव्हा खाली पाणी असते. आपल्याकडे हे वाक्य ती अट गाळून सर्रास सांगितले जाते.

१९३४ च्या भीषण दुष्काळाने वीव्हर यांच्या चित्रांची परीक्षा घेतली. तुलनेने उथळ मुळांचे ‘लिटल ब्लूस्टेम’ गवत मोठ्या पट्ट्यांत मेले; जास्त खोल मुळांचे ‘बिग ब्लूस्टेम’ बरेच तगले.

त्याच सुमारास हिंदुस्थानातही कुदळ चालू होती. अल्बर्ट हॉवर्ड हे नाव मराठी शेतकऱ्याला ‘इंदूर पद्धती’च्या कंपोस्ट खतामुळे ठाऊक असते. पण इंदूरला येण्याआधी जवळपास दोन दशके ते बिहारमधल्या पुसा इथे होते. १९३४ च्या भूकंपात इमारत पडल्यावर दिल्लीला हललेली आणि गावाचे नाव बरोबर घेऊन गेलेली कृषी संशोधन संस्था ती हीच. तिथे हॉवर्डनी आंबा, पेरू, लिची, सीताफळ, आलुबुखार अशा फळझाडांची मुळे उकरली. दिसले ते असे की बहुतेक झाडांना मुळांचे दोन मजले असतात. वैशाखाच्या उन्हात वरचा थर तापून कोरडा होतो तेव्हा काम खालच्या मजल्यावर चालते. पहिला पाऊस पडला की वरच्या मजल्यावर पांढरी कोवळी मुळे फुटतात. पुढे भूजल वर चढू लागले की खालच्या मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती थंडावतात. फळझाडाखाली गवत माजले तर झाड का कुढते, याचे उत्तरही त्यांना याच वरच्या मजल्यात सापडले. १९२५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ते मांडले.

आपल्या दृष्टीने त्यांची जवसाची नोंद अधिक मोलाची. हॉवर्डनी देशभरातली जवसाची वाणे तपासली. दख्खनच्या काळ्या मातीतल्या वाणांची मुळे खोल आणि विरळ होती, पीक लवकर पिकणारे. गंगेच्या गाळाच्या जमिनीतल्या वाणांची मुळे उथळ. काळी माती पावसाळ्यात तुडुंब पिते आणि रब्बीत वरून खाली वाळत जाते, भेगाळते. तिथे टिकायचे तर मुळाने खाली पळत्या ओलीच्या मागे जायला हवे आणि ओल संपायच्या आत दाणा भरायला हवा. गाळाच्या जमिनीत ती घाई नाही. म्हणजे जमिनीने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मुळाची ठेवण वाणातच मुरवली होती. वीव्हर यांचा गहू जमिनीच्या बाजूने साक्ष देत होता, हॉवर्ड यांचे जवस बियाण्याच्या.

हेल्स यांच्या मोजणीनेही पुढे मोठी मजल मारली. १९३७ साली आयोवात हॉवर्ड डिट्मर यांनी राय नावाच्या धान्याचे एकच रोप एका फुटाच्या चौकोनी, बावीस इंच खोल पेटीत चार महिने वाढवले आणि त्याची मुळे मोजली. १,३८,१५,७६२ मुळे, एकूण लांबी ३८७ मैल. मुंबईहून निघालात तर पणजी येऊन थोडी उरेल. त्यावरचे मूलरोम १४ अब्ज, ते वेगळेच. हा आकडा आजही पाठ्यपुस्तकांत मिरवतो. त्यातला शेवटच्या अंकापर्यंतचा नेमकेपणा मात्र फार मनावर घेऊ नये: हेल्सप्रमाणे डिट्मरनीही नमुने मोजून बाकीचा गुणाकारच केला होता.

त्याच वर्षी काचेचीही दुसरी पिढी जन्मली. पेटीतल्या काचेऐवजी जमिनीतच काचेची नळी रोवायची आणि आत आरसा व दिवा सोडून नळीला बाहेरून चिकटलेली मुळे पाहायची, ही युक्ती बेट्स यांनी १९३७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडली. आज आरशाच्या जागी कॅमेरा आहे, पण मूळ युक्ती तीच. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग या फळसंशोधन केंद्राने मोठी उडी घेतली. तिथे रॉजर्स यांनी सफरचंदांच्या बागेत काचेच्या भिंतींचे चर केले होते. १९६० च्या दशकात त्यांतून जमिनीखालची अख्खी प्रयोगशाळाच उभी राहिली. पायऱ्या उतरून आत जायचे, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांवरची झाकणे काढायची आणि झाडांची मुळे पाहायची. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्नला १९६९ मध्ये तसेच दालन बांधले गेले आणि ‘रायझोट्रॉन’ हे नाव रुजले. ईस्ट मॉलिंगला हेड यांनी खिडकीपाशी सिनेमाचा कॅमेरा लावून चेरीची मुळे ठरावीक अंतराने टिपली, तेव्हा ती दिवसापेक्षा रात्री जास्त वाढताना दिसली. पांढरे कोवळे मूळ काही आठवड्यांत तपकिरी कसे पडते, बारीक मुळे किती लवकर मरतात आणि नवी येतात, हे कुदळीला कधीच दिसले नसते.

काच खोटेही बोलते, हे सांगायला हवे. काचेलगत माती नीट बसत नाही, फट राहते, ओल वेगळी असते आणि मुळे त्या फटीत गरजेपेक्षा जास्त जमतात.

बियाणे की जमीन या वादात जमिनीच्या बाजूचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा १९७५ साली आला. इंग्लंडमधल्या लेटकम प्रयोगशाळेत माल्कम ड्रू यांनी बार्लीचे एकच मूळ तीन कप्प्यांतून ओवले आणि फक्त मधल्या कप्प्यात भरपूर नायट्रेट दिले. उपमुळे फुटली ती नेमकी मधल्याच कप्प्यात, झुबक्याने. वर आणि खाली जवळपास शुकशुकाट. अमोनियम दिले तरी तेच, फॉस्फेट दिले तरी तेच. पोटॅश दिले तेव्हा मात्र मुळाने असा उत्साह दाखवला नाही. म्हणजे मूळ सरसकट ‘खत’ ओळखत नाही; कोणते अन्न कुठे आहे हे टापूगणिक ताडून फाटे फोडते.

बियाण्याच्या बाजूचा पुरावा चाळणीने दिला. जपानमध्ये युसाकू उगा यांनी भाताची रोपे जाळीच्या छोट्या टोपल्यांत लावून त्या मातीत पुरल्या. मुळे टोपलीच्या बुडातून बाहेर पडली तर वाण खोल मुळांचे, कडेने पडली तर उथळ, इतका सोपा निवाडा. झाक्स यांच्या चाळणीशी या टोपलीचे नाते उघड आहे. भारतात लाखो हेक्टरांवर गेलेला ‘आयआर ६४’ हा भात कडेने मुळे सोडतो, तर फिलिपिन्सच्या डोंगरउतारावरचे ‘किनांदांग पातोंग’ बुडातून. हा फरक घडवणारे जनुक उगा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले, ‘ड्रो १’ नावाने. ते जनुक घातलेला आयआर ६४ कडक दुष्काळातही दाणे भरू शकला. मूळ वाणाचे जवळपास काहीच हाती लागले नाही. पण २०२० मध्ये जपानी अभ्यासकांनी याच जनुकाचे भावंड शोधले, तेव्हा गोष्ट उलटली. त्याच्या बदललेल्या रूपामुळे मुळे जमिनीच्या पृष्ठभागाशीच पसरतात, आणि खाऱ्या, पाणी साचलेल्या खाचरात हाच भात जास्त पिकला. तुंबलेल्या चिखलात खाली हवा नसते. खोल मूळ चांगले की उथळ, या प्रश्नाला जमीन विचारल्याशिवाय उत्तर नाही.

मातीतली मुळे दाखवणारी क्ष-किरण यंत्रे आणि कॅमेरे हाताशी आल्यावर कुदळ निवृत्त व्हायला हवी होती. झाले उलटेच. पेनसिल्व्हेनियातल्या जोनाथन लिंच यांच्या गटाने २०११ मध्ये मक्यासाठी जी पद्धत छापली, तिचे इंग्रजी नावच फावड्यावरून घेतले आहे. बुंध्याभोवती ४० सेंटिमीटर व्यासाचा आणि २५ सेंटिमीटर खोलीचा गड्डा काढायचा, साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि मुळांचा कोन, संख्या, फाटे यांना डोळ्यांनी गुण द्यायचे. एका झाडाला काही मिनिटे पुरतात. शेकडो वाणे पाहायची असतील तर यापेक्षा व्यवहारी पद्धत अजून तरी नाही.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेत हरभऱ्याबाबत हीच खटपट वेगळ्या वाटेने झाली. पावसानंतरच्या साठल्या ओलीवर वाढणारे हे पीक, त्यामुळे खोल आणि दाट मुळांचा ‘आयसीसी ४९५८’ हा वाण तिथे दुष्काळ सोसण्याचा मानदंड ठरला. १२० सेंटिमीटर उंच नळकांड्यांत शेकडो वाणे लावायची, नंतर माती धुऊन मुळे मोजायची, असे काम चालले. पुढे व्हिन्सेंट वादेझ आणि सहकाऱ्यांनी उंच नळ्या ठरावीक दिवसांनी तोलायला सुरुवात केली, म्हणजे मूळ न पाहता त्याने उचललेले पाणी मोजायला. २०११ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत अवर्षणात चांगले पिकणाऱ्या वाणांची मुळे इतरांपेक्षा खोल किंवा दाट असतीलच असे दिसले नाही. त्या वाणांनी वाढीच्या काळात पाणी बेताने उचलले होते आणि घाटे भरायच्या आठवड्यांसाठी मातीत राखून ठेवले होते. म्हणून हरभऱ्याची वाणे पारखताना मूळ किती खोल गेले याच्या जोडीला पहिल्या महिन्यात त्याने किती पाणी ओढले, हाही रकाना भरावा लागतो.