याला कोण बघणार?



परवा आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई थोरल्या मुलीला घेऊन आल्या. तिसरीतली पोर, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. “आज शाळा नाही का गं?” मी विचारलं. “याला कोण बघणार, आजी?” ती म्हणाली.

हाच प्रश्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे उभा राहिला होता. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेलं. अनुताई मोरगावच्या, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढे त्या शिकल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवू लागल्या आणि १९४५ साली ताराबाईंच्या हाताखाली काम करायला बोर्डीला गेल्या.

तिथे बालवाडी निघाली, पण वस्तीतली गरीब मुलं येईनात. मग या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात हे दिसलं, तेव्हा जोडीला पाळणाघर काढलं. पुढे कोसबादच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी, म्हणजे विकासवाडी. बाळाला सांभाळलं की ताईही शिकते, इतका साधा विचार.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आहार, लसीकरण, पूर्वशिक्षण असं मोठं काम तिने केलं. पण ती काही तासच चालते. दिवसभर बाळ सांभाळण्याची सोय बहुतेक ठिकाणी मागेच राहिली.

मी बी.कॉम., त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांनाही ते बंधनकारक झालं. आमच्या बाई पाच घरी काम करतात. त्यांची मालकीण कोण? आम्ही पाचजणी, आणि प्रत्येकीकडे कामाला माणूस एकच. कायद्याच्या कुठल्याच रकान्यात त्यांचं बाळ बसत नाही. जवळच्या पाळणाघराची फी मी विचारून आले. त्यांच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त निघाली.

मुलगा झाल्यावर मीही लागलेली नोकरी सोडली होती. बाळाला बघणारं कोणी नव्हतं. पण घरात दुसरा पगार होता, म्हणून निभावलं. बाईंना नोकरी सोडता येत नाही, म्हणून त्यांच्या मुलीची शाळा सुटते.

आपण आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान म्हणतो. एका पाळणाघरात हे चारही येतात. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीचा हॉल दुपारपर्यंत रिकामा असतो. पगारी सांभाळणारी ठेवायची आणि फी आम्ही घरमालकिणींनी वाटून घ्यायची, असा अर्ज मी दिला आहे. येत्या रविवारी सभा आहे.