वसईच्या संताचा जलप्रवास

वैनगंगेवरील डोंग्यापलीकडे आम्हां चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यवासीयांस जलप्रवास ठाऊक नाही. तथापि आपल्याच मराठी भूमीतील वसई येथे सन १५५७ च्या सुमारास जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांची सागरयात्रा आम्ही अवश्य स्मरावी.

तरुणपणी येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत ते जपानच्या बेटांवर गेले व तेथील भाषा शिकले. पुढे काही काळ व्यापार करून त्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. सन १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकिलात धाडली, तेव्हा फादर पेद्रो बाप्तिस्ता व अन्य दोन सोबत्यांसह गोन्सालो पुनश्च गलबतावर चढले. त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा नव्हती. परंतु दरबारात ह्या मंडळीची वाचा तेच झाले. पुढे हिदेयोशीच्याच आज्ञेने ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांस क्रूसावर प्राणार्पण करावे लागले. त्यांत पेद्रो व गोन्सालो हेही होते. सन १८६२ मध्ये त्यांस संतपद लाभले.

गलबत मनुष्यास परतीरी पोहोचविते. परक्याच्या घराचे दार मात्र त्याची भाषाच उघडते. आमच्या शेजारी गोंडी व माडिया बोलणारे बांधव आहेत. त्यांच्या बोलीत त्यांचे कुशल पुसता येणे, हीच ह्या महोत्सवात संतास आमची खरी वंदना होय.