भिंतीवरचा इतिहास

पेशवाई बुडाल्यानंतर बरोबर साठ वर्षांनी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. राम पंचायतनाबरोबरच नाना फडणवीस, सवाई माधवराव यांची रंगीत शिळाप्रेस चित्रे तिथे छापली गेली.

काम किचकट होते. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र उलटे काढायचे. शिळा ओली केली की शाई फक्त तेलकट रेघांवर बसते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. कागद केसभर सरकला तरी चेहरा बिघडणार!

इतक्या खटपटीचे कारण मला शास्त्रीबुवांच्या मूळ पेशात दिसते. ते शिक्षक होते. शाळेत इंग्रजी नजरेचा इतिहास शिकवला जाई. त्यांची ‘निबंधमाला’ वाचू शकणारे थोडे होते. न वाचणाऱ्या घरांत आपले मुत्सद्दी आणि पेशवे पोहोचले ते या चित्रांतून, देवांच्या शेजारी भिंतीवर. पुढे १८८० मध्ये टिळकांसह त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले.

आपल्यालाही सनावळ्या विसरल्या, पण सरांनी फळ्यावर काढलेला पानिपतचा नकाशा आठवतो, तो याचमुळे.