खांब थकत नाही

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत अनेक विषय त्यात आले आहेत. मल्लांच्या खेळाविषयी लिहिताना ग्रंथकाराने मल्लस्तंभाचाही उल्लेख केला आहे. आपल्या मल्लखांबाची ही जुनी लेखी खूण.

मल्लखांब म्हणजे पहिलवानाचा खांब. मूळ हेतू कुस्तीच्या तयारीचा. शिसवी किंवा सागवानी खांब जमिनीत पुरायचा, त्यालाच जोडीदार मानायचे. त्याच्या भागांची नावेही माणसासारखी. खालचे ते अंग, वर निमुळती होत जाते ती मान आणि टोकाला बोंड. जोडीदार दमतो, कधी चिडतो, कधी येतच नाही. खांब थकत नाही. एकच पकड शंभर वेळा चुकली तरी तो मुकाट उभा असतो.

ही विद्या पुढे मागे पडली. तिला पुन्हा उभे केले ते दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. परंपरा सांगते, की अली आणि गुलाब हे निजामाकडचे दोन नामांकित मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिले. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले, पण तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगीच्या पायाशी गेले आणि तिथे मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले, अशी श्रद्धा आहे. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले. गुलाब आखाड्यात उतरलाच नाही. कथेतला दैवी भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. नवशिक्याने मात्र त्यातली मुदत लक्षात ठेवावी. मुदत मागणे म्हणजे माघार घेणे नव्हे.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले, आश्रय गेला. तरीही विद्या टिकली, कारण ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. कोंडभटनाना गोडबोले हे त्या परंपरेतले मोठे नाव. पुढे बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले आणि तोंडी चालत आलेले बरेचसे ज्ञान कागदावर आले. वेताचा मल्लखांब करणाऱ्यांना चांगला वेत मिळेनासा झाला, तेव्हा सुती दोरी आली. आज मुली दोरीच्या मल्लखांबावर जी कमाल करतात, तिचे मूळ या अडचणीत आहे.

आपला कृष्णाकाठ तर तालमींचाच. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर हे सातारा जिल्ह्यातले, तर बहे आणि शिराळा इथले सांगली जिल्ह्यातले. बलोपासनेची ही परंपरा गावोगाव रुजली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला तिथली गादी नवी होती. ते परत आले आणि कसून तयारीला लागले. 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सहाव्या क्रमांकावर ते थांबले असते, तर हे पदक आले नसते.

मल्लखांबावरचा पहिला धडा अढीचा. हातांनी खांब धरायचा, पाय वर टाकायचे, डोके खाली आणि मांड्यांची मिठी खांबाला. ऐकायला सोपे, करताना घाम फुटतो. मांड्यांची कातडी हुळहुळते, हात भरून येतात. खरचटू नये म्हणून एरंडेल लावावे, तर सुरुवातीला घसरायला होते. आठवडाभर काही जमत नाही आणि एका सकाळी अढी लागते. पुढे सर्दीतापाने पंधरा दिवस खाडा पडला, की ती पुन्हा सुटते! अशा वेळी जाणता वस्ताद एक पायरी खाली नेतो. दसरंग बाजूला ठेवा, अढी पक्की करा, म्हणतो. अंग दुखणे वेगळे आणि सांधा दुखावणे वेगळे. पहिल्याला तेलमालीश आणि विश्रांती पुरते. दुसऱ्याला वैद्यकीय सल्ला लागतो, तिथे हट्ट कामाचा नाही.

परदेशात आणि आपल्या महानगरांतही आता पोलादी खांबावरच्या व्यायामाचे वर्ग चालतात. तिथल्या नवशिक्यांचे रडगाणेही हेच, कातडी सोलते आणि पकड सुटते. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1981 मध्ये उज्जैनला झाली. 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर विश्वस्पर्धा भरली आणि परदेशी खेळाडूही आपल्या लाकडी खांबावर चढले. 2021 च्या अर्जुन पुरस्कारात मुंबईच्या हिमानी परबचे नाव आले. 2024 मध्ये उदय देशपांडे यांना पद्मश्री जाहीर झाली.

आठशे-नऊशे वर्षांत ही विद्या कितीदा मागे पडली आणि कितीदा उभी राहिली! तेव्हा आपल्या मुलाची किंवा मुलीची अढी महिनाभर लागली नाही, म्हणून तिचे नाव तालमीतून काढू नका. आणि चाळिशीत स्वतःला शिकावेसे वाटले, तर वस्तादांना तसे सांगा. खाली मऊ गादी आहे ना, एवढे पाहून घ्या आणि अढीपासून सुरुवात करा.