नगरविद्येची पदवी आणि तिचे मोल

मुंबई विद्यापीठाने इ. स. १९१९ मध्ये समाजशास्त्राचे अध्यासन निर्माण केले, तेव्हा त्याचे नाव केवळ समाजशास्त्राचे नव्हते. ‘सोशियॉलॉजी अँड सिव्हिक्स’ असे ते जोडनाव होते. त्यातील दुसऱ्या शब्दाने अभिप्रेत असलेली विद्या म्हणजे नगराचा समग्र अभ्यास होय. विद्यार्थ्याने आपली उमेदीची वर्षे व घरचा पैसा या विद्येत घालावा काय, आणि घातल्यास तीवर त्याचा चरितार्थ चालेल काय, हा प्रश्न आज नगरविषयक अभ्यासक्रमांच्या संदर्भात वारंवार विचारला जातो. मुंबईत या विद्येचे पुढे जे झाले ते पाहिले असता त्याचे निदान अर्धे उत्तर सापडते. पदवीचे व्यवहारातील मोल अध्यापनाच्या गुणावर फारसे ठरले नाही. ती पदवी मागणारी जागा कोणी निर्माण केली होती की नाही, यावर ते ठरले.

या अध्यासनावर आलेले पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांच्याजवळ स्वतःची अशी विद्यापीठीय पदवीच नव्हती. एडिंबरो विद्यापीठात प्रवेश घेऊन ते आठवड्याभरातच बाहेर पडले, लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली शिकले. आणि १८८८ पासून डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. परीक्षापद्धतीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात यावयास निघाले, तेव्हा त्यांच्या नगरप्रदर्शनाचे साहित्य ज्या जहाजावर होते ते ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. स्नेह्यांनी नवे नकाशे व चित्रे जमवून पाठविली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले. पुढील दहा वर्षांत त्यांनी येथील अनेक नगरांवर अहवाल लिहिले; त्यांतील इंदूरचा दोन खंडांतील अहवाल (१९१८) विशेष प्रसिद्ध आहे. आधी पाहणी आणि मग आराखडा, हे त्यांचे सूत्र. गल्लीबोळांतून पायी हिंडावे, विहिरी, तळी, देवळे, झाडे यांची नोंद करावी, आणि सरसकट पाडापाडी न करता जेथे अगदी अडते तेथेच घर हलवावे, असा त्यांचा आग्रह असे. ही शिकवण उत्तम होती यात शंका नाही. परंतु ती घेऊन बाहेर पडणाऱ्यास नोकरी कोण देणार, याचा विचार विद्यापीठाने केला होता असे दिसत नाही.

येथे शब्दाचाही थोडा विचार करावयास हवा. गेडिस यांनी १९०४ मध्ये लंडनच्या सोशियॉलॉजिकल सोसायटीपुढे ‘सिव्हिक्स’ची मांडणी उपयोजित समाजशास्त्र म्हणून केली होती. मराठीत मात्र हा शब्द ‘नागरिकशास्त्र’ या रूपाने रुळला, आणि शाळेतील हक्क, कर्तव्ये व ग्रामपंचायतीची रचना यांच्याशी बांधला गेला. ‘नगर’ हे स्थल, ‘नागरिक’ ही व्यक्ती; एका प्रत्ययाने विषयच पालटला. (कामसूत्रातील ‘नागरक’ हा तर हक्क-कर्तव्यांच्या खटाटोपात न पडणारा, रसिक शहरी गृहस्थ!) पुढे ‘टाउन प्लॅनिंग’साठी ‘नगररचना’ हा शब्द आला, पण त्याने रचनेपुरताच अर्थ घेतला. नगर म्हणजे काय हे जाणण्याची जी विद्या, ती या दोन शब्दांच्या मधल्या फटीत निनावी राहिली. ज्या विद्येला लोकांच्या तोंडी नाव नाही, तिची पदवी जाहिरातीत कशी मागितली जाणार?

याच सुमारास इंग्लंडात निराळे घडत होते. साबणाचे कारखानदार विल्यम लीव्हर यांनी वृत्तपत्रांवरील अब्रूनुकसानीच्या दाव्यात मिळालेल्या रकमेतून लिव्हरपूल विद्यापीठास साहाय्य केले, आणि १९०९ मध्ये तेथे नगररचनेचा विभाग निघाला. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गृहनिर्माण व नगररचनेचा कायदा केला; १९१४ मध्ये व्यावसायिकांची संस्था उभी राहिली. शिक्षण, कायदा आणि व्यवसायसंस्था ही तिन्ही पाच वर्षांत एकमेकांना येऊन मिळाली.

मुंबई इलाख्यातही कायदा झाला होता. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा या देशातील पहिलाच होय. पण त्याने मागितलेली माणसे वेगळी होती. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करून त्यांचे सरळ भूखंड पाडणे, प्रत्येक मालकाची भरपाई ठरविणे, सुधारणेमुळे वाढलेल्या किमतीचा वाटा वसूल करणे आणि तंट्यांचा निर्णय लवादाकडून घेणे, असे ते काम. त्याला मोजणीदार, मुल्की इंजिनीअर व किंमत ठरविणारा जाणकार लागत असे. गल्लीचे समाजजीवन वाचणारा लागत नसे. १९१४ मध्ये सरकारच्या सल्लागार सर्व्हेअरच्या हाताखाली सुरू झालेल्या कचेरीचे पुढे जे खाते झाले, त्याचे नाव ‘नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग’ असे पडले. त्या नावातील उत्तरार्धच नोकरीचा खरा पाया होता.

मग गेडिस यांच्या वर्गाचा लाभ कोणाला झाला? सर्वांत ठळक उदाहरण गोविंद सदाशिव घुर्ये यांचे. मालवणचे घुर्ये १९१८ मध्ये संस्कृत घेऊन एम. ए. झाले होते. गेडिस यांनी त्यांची निवड केली व विद्यापीठाने त्यांस शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठविले. तेथे लंडनहून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले, आणि नगरांऐवजी जाती, वंश व कुलसंबंध हा त्यांचा विषय झाला. १९२४ मध्ये गेडिस गेले, घुर्ये विभागप्रमुख झाले, आणि १९५९ पर्यंत विभागावर त्यांच्याच अभ्यासाची छाप राहिली. याबद्दल घुर्ये यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परदेशी शिक्षणाचा खर्च ज्या संस्थेने सोसला तिनेच परतल्यावर जागा दिली. असा मेळ फार थोड्यांच्या वाट्यास येतो. नगराकडे ते वळले ते निवृत्तीनंतर, ‘सिटीज अँड सिव्हिलायझेशन’ (१९६२) या ग्रंथात.

नगराचा अभ्यास थांबला असे मात्र नव्हे. १९३० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करविली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये निघाले. घरोघर फिरून केलेल्या त्या कामाला नगरविद्येची पदवी लागली नाही. लागली ती अर्थशास्त्राची शिस्त आणि संस्थेचा आधार.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये दिल्लीत नगर व ग्रामरचनेचे विद्यालय निघाले, तेच पुढे ‘स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर’ झाले. तरी पदवी आणि जागा यांची गाठ सैलच राहिली. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना विभागांना १२,००० हून अधिक नगररचनाकारांची गरज होती. मंजूर पदे ४,००० हूनही कमी होती, आणि त्यांतील जवळजवळ निम्मी रिकामी. शिवाय कित्येक राज्यांत त्या पदासाठी नगररचनेची अर्हता ही आवश्यक अटच नव्हती. वास्तुविशारदाची संज्ञा १९७२ च्या कायद्याने नोंदणीकृतांपुरती राखून ठेवली आहे. नगररचनाकारासाठी तसा कायदा तोवर झाला नव्हता, आणि अशी नोंदणी करणारी परिषद स्थापावी ही त्या अहवालाची एक शिफारस होती.

अशा स्थितीत विद्यार्थी आपला हिशेब आपणच मांडतो. चार वर्षांची नगररचनेची पदवी खर्चाने व काळाने स्वस्त पडते. वास्तुशास्त्राची पाच वर्षे आणि वर नगररचनेची दोन, ही वाट महाग. तरीही सात वर्षांच्या वाटेवरून जाणाऱ्यास अविचारी म्हणता येत नाही, कारण नगराने बोलाविले नाही तरी त्यास घरे बांधता येतात.